केल्विनला पसंत न पडलेल्या बॅटऱ्या

रेलीन स्टॉडर्टनं टोस्टवर व्हेजिमाइट फासलं, बशी नवऱ्याच्या पुढ्यात सरकवली आणि विचारलं, "काय मग, ठरली का?"

"जवळजवळ," केल्विन म्हणाला. टॅबलेटवरची नजर त्यानं काही हलवली नाही.

हे 'जवळजवळ' ती एप्रिलपासून ऐकत होती आणि आता सप्टेंबर अर्धा सरला होता. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या हॅरो पॉइंटला ते दोनच रात्रींसाठी म्हणून थांबले होते. गाव म्हणजे धान्याची उंच कोठारं, एक पब, पेट्रोल पंपालाच लागून असलेलं दुकान, समुद्रात लांबवर गेलेला लाकडी धक्का आणि धक्क्याच्या अलीकडे कॅराव्हान पार्क. पार्कातल्या अकरा नंबरच्या जागेवर त्यांची गाडी उभी होती. तिच्या पोटातून एक जाड नारिंगी केबल निघून विजेच्या खांबात शिरली होती. ती केबल आली तेव्हा नवी कोरी होती. आता तिच्यावर वाळू चढून गवत उगवलं होतं.

गाडी म्हणजेच घर. वायालातलं खरं घर त्यांनी विकून टाकलं होतं. केल्विन पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायचा आणि रेलीन शाळेच्या कॅन्टीनमध्ये मीट-पाय आणि सॉसेज रोल गरम करायची. तो निवृत्त झाला आणि त्याच्या डोक्यात फिरतीचं खूळ शिरलं. "मेल्यावर एका जागी पडून राहायचंच आहे," असं म्हणत त्यानं वर्षभर तिचं डोकं खाल्लं. शेवटी रेलीननं मान डोलावली, ती एका अटीवर. सगळ्यात आधी पश्चिमेला जायचं, नलारबोरचं माळरान ओलांडून एस्परन्सला, तिच्या बहिणीकडे. कॉरलकडे.

पण हॅरो पॉइंटला पोचायच्या आदल्या रात्री घराच्या बॅटऱ्यांनी मान टाकली. या गाड्यांत इंजिनाची बॅटरी वेगळी आणि घराची वेगळी. गाडी सुरू व्हायला काही अडचण नव्हती. पण फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप आणि केल्विनचं झोपेचं मशीन, हे सगळं बाकाखालच्या दोन बॅटऱ्यांवर चालायचं. झोपेत केल्विनचा श्वास अडकायचा, म्हणून डॉक्टरांनी त्याला नाकातोंडावर मुखवटा लावायचं ते मशीन दिलं होतं. रात्रभर ते त्याच्या घशात हवा फुंकत बसायचं. खांबाची वीज असेल तर प्रश्न नव्हता. पण माळरानावर खांब कुठले? तेव्हा नव्या बॅटऱ्या हव्यात, हे रेलीनलाही पटलं. गावात त्या मिळत नव्हत्या, म्हणून ऑनलाइन मागवायच्या, हेही पटलं.

त्यानंतर केल्विन बॅटऱ्या बघायला बसला, तो बसलाच.

एका दुकानाच्या साइटवरचे फोटो त्याला खोटे वाटले. दुसऱ्या ठिकाणी सगळ्या गिऱ्हाइकांनी पाच-पाच चांदण्या दिल्या होत्या, पण एकाच आठवड्यात आणि एकाच भाषेत. तिसरा सेदुना गावाच्या पुढे माल पाठवत नव्हता. चौथ्याची वॉरंटी नीट वाचली तर कळलं, बॅटरी त्यांच्याच माणसाच्या हातून बसवून घेतली तरच ती लागू. शिशाची घ्यावी तर जड. लिथियमची घ्यावी तर हलकी, टिकाऊ, पण मग चार्जरही बदलावा लागणार, आणि त्याबद्दल लोक काय म्हणतात ते वाचता वाचता दुपार व्हायची. एखादी पसंत पडली की तो तिला बास्केटमध्ये टाकायचा. "आता एक रात्र जाऊ दे," म्हणायचा. दुसऱ्या दिवशी तिच्यातही खोट सापडायची. दुकानांच्या ईमेल यायच्या. तुमच्या बास्केटमधली बॅटरी तुमची वाट पाहतेय.

"माझी बहीणही पाहतेय," रेलीन म्हणायची.

"घाईघाईत चुकीची घेतली तर माळरानावर कोण येणार आपल्याला ओढायला?"

तो दरवेळी बरोबरच असायचा, आणि तिथंच रेलीनचं डोकं फिरायचं. दारू पिणारा, आळशी, बाहेरख्याली नवरा असता तर भांडता तरी आलं असतं. सावधपणे खरेदी करणाऱ्या माणसाशी काय भांडायचं?

हिवाळाभर वारा आडवा पाऊस घेऊन आला आणि दोघं त्या डब्यात बसून राहिली. सिंकपासून संडासापर्यंत जायचं तर केल्विननं पाय वर घ्यायला हवेत. पलंग उघडायचा तर टेबल मिटायला हवं, टेबल मिटायचं तर टॅबलेट उचलायला हवा. त्याच्या श्वासाचा, चघळण्याचा, जीभ टाळ्याला लावून 'च्च' करण्याचा, असा प्रत्येक आवाज तिच्या ओळखीचा झाला होता. पाऊस थांबला की ती धक्क्याच्या टोकापर्यंत चालत जायची. टोकाला पोचलं की पुढे पाणी. मग परत.

पार्कची मॅनेजर वर्ना केसेल तोंडाची फाटकी होती, पण मनानं बरी. धक्क्यावरून परतताना रेलीन दिसली की ती ऑफिसच्या दारातून ओरडायची, "काय गं, आज तरी लग्न लागलं का त्याचं बॅटरीशी?"

"अजून मुली बघतोय."

"बाई गं, माझ्या नवऱ्यानं मला पसंत करायला एवढा वेळ घेतला असता ना, तर मी सुटले असते."

रेलीन हसायची. हसून झालं की गाडीकडे पाय वळायचे नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी कॉरलचा फोन यायचा. कॉरल तिच्याहून मोठी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एस्परन्सच्या घरात एकटी. तिच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं होतं. एक डोळा जवळजवळ गेला होता, दुसऱ्यात इंजेक्शनं चालू होती.

"मधोमध डाग पडलाय गं," कॉरल म्हणाली. "टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईला केस आहेत, कानातलं आहे, तोंडच नाही. तू ये बाई लवकर. नाहीतर तू आलीस का दुसरीच कुणी टवळी आली, मला काय कळणार?"

"येतेच आहे. बॅटऱ्यांचं अडलंय फक्त."

"मे महिन्यातही हेच म्हणालीस."

त्या संध्याकाळी रेलीन फोन ठेवून पार्कच्या न्हाणीघरात गेली आणि कपडे धुवायच्या मशीनवर बसून राहिली. मशीन रिकामंच होतं. परतल्यावर ती केल्विनला म्हणाली, "मी एकटी जाते. सेदुनाहून विमानानं अॅडलेड, तिथून पर्थ, मग पुढची सोय बघेन."

"जा की," केल्विन म्हणाला. "मी अडवलंय का?"

त्याचा आवाज साधा होता. पण टॅबलेटवरचा त्याचा अंगठा थांबला, आणि तो तसाच थांबून राहिला. रेलीननं बॅग भरायला घेतली. भरता भरता त्याच्याकडे बघितलं, तर तो स्क्रीनकडे बघत होता आणि स्क्रीन विझलेली होती. हा एकटा इथे काय करेल, ते तिला सांगता आलं नसतं. पण काही बरं करणार नाही, एवढं कळत होतं. तिनं बॅग रिकामी केली. 'जा' म्हणणाऱ्या माणसाला सोडून जाता येत नाही, हा कसला जाच, असं मनात म्हणत तिनं स्वेटर एकेक करून कपाटात ठेवले.

आणि मग एका सकाळी, केल्विन धक्क्यावर व्हायटिंग मासे धरायला गेलेला असताना, तिनं बाक उचकटलं. खाली दोन्ही जुन्या बॅटऱ्या पोट फुगवून बसल्या होत्या. त्यांच्या अंगावरचं सगळं तिनं चष्मा लावून वाचलं आणि केल्विननं नापसंत केलेल्या दुकानांपैकी एकाला सरळ फोन लावला. पलीकडून खरीखुरी बाई बोलली.

"जुन्याच जातीच्या घ्या," ती बाई म्हणाली. "मग चार्जर बदलायची भानगड नाही. पत्ता सांगा."

"कॅराव्हान पार्क, हॅरो पॉइंट."

"रस्ता आणि घर नंबर?"

"नंबर नाही. रस्ता एकच आहे."

"कॉम्प्युटर नंबराशिवाय पुढे जात नाही हो."

"मग एक घाला. आमच्याआधी कुणी मागितलेला नाही."

बाई हसली. रेलीननं कार्डाचा नंबर सांगितला आणि बाक पूर्ववत केलं. केल्विन मासे घेऊन आला तेव्हा ती कांदा चिरत होती. डोळ्यांतल्या पाण्याला त्यामुळे कारण मिळालं.

पाव, बिअर आणि गावाचं टपाल आणणारा ट्रक बॅटऱ्याही घेऊन आला. वर्नानं त्या हातगाडीवर घातल्या आणि अख्ख्या पार्कातून खडखडाट करत अकरा नंबरवर आणल्या. "नवरी आली!" ती लांबूनच ओरडली.

केल्विन घडीच्या खुर्चीवर बसला होता. तो उठला. खोक्याकडे बघितलं, मग रेलीनकडे.

"हे काय?"

"बॅटऱ्या. मी मागवल्या."

"मला न विचारता?"

"तुला विचारून झालं, केल. हिवाळाभर विचारलं."

वर्ना हातगाडी तिथंच ठेवून निघून गेली. केल्विननं खोकी फोडली. टेप आणून लांबी मोजली, रुंदी मोजली, उंची मोजली. मग आत जाऊन बाकाखालचा कप्पा मोजला. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते रेलीननं नीट पाहिलं. राग असेल असं तिला वाटलं होतं. तो राग नव्हता. परीक्षा पुढे ढकलली गेलेल्या मुलासारखा त्याचा चेहरा सैल झाला होता.

"दोन बोटं उंच आहेत," तो म्हणाला. "वरची पट्टी आड येते. बसायच्या नाहीत. परत पाठवू. मी बघतो दुसऱ्या."

रेलीन वर्नाच्या ऑफिसात गेली आणि विजेवर चालणारी करवत मागून आणली. केल्विनला वाटलं ती खोकी कापायला आणलीय. ती आत शिरली, बाकाच्या गाद्या उचलून दारातून बाहेर फेकल्या आणि पट्टीवर करवत टेकवली.

"रे! रेलीन! ती आधाराची पट्टी आहे!"

"कुणाच्या आधाराची?" तिनं करवत चालू केली.

भुसा उडाला. तिनं आयुष्यात करवत हातात धरली नव्हती. कापलेली कड नागमोडी आली. पट्टी सुटून पडली तशी तिनं ती पायानं बाजूला सारली.

"आता बसतील," ती म्हणाली. "आता काय खोट काढतोस, काढ."

केल्विन पायरीवर बसला. तिच्याकडे पाठ करून.

"त्या रात्री," तो म्हणाला, "इथे यायच्या आदल्या रात्री. आपण रस्त्याकडेला मुक्काम केला होता, आठवतं? मशीन बंद पडलं."

"माहितेय. बॅटऱ्या गेल्या."

"तुला सकाळी कळलं. मला रात्री कळलं." तो बोटांनी पायरीवरची वाळू गोळा करत होता. "तोंडावर कुणी हात दाबून धरलाय असं वाटलं. मुखवट्याचा पट्टा सापडेना. तू शेजारीच झोपली होतीस. मी हाका मारत होतो तुला, पण आवाजच फुटेना. मला वाटलं, मेलो."

रेलीनच्या हातात करवत तशीच होती. "मला हलवायचं होतंस."

"नंतर सुटला पट्टा. मग बाहेर जाऊन बसलो."

"मला सांगायचं होतंस केल!"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, चल, परत फिरू. आणि परत फिरून कुठे जायचं? घर मीच विकायला लावलं ना तुला."

एखादीनं त्याला जवळ घेतलं असतं. रेलीनला आधी राग आला, आणि तो तिनं गिळला नाही. "अर्धं वर्ष तू मला चार्जरच्या गोष्टी सांगितल्यास," ती म्हणाली. "अर्धं वर्ष! कॉरलचा एक डोळा गेला तेवढ्यात. मी इथे कपड्यांच्या मशीनवर बसून रडले, आणि तू चांदण्या मोजत होतास?"

"हो," केल्विन म्हणाला.

ती खाली बसली, भुशातच. म्हणाली, "मी मेल्यासारखी झोपते, हे खरंय. माझी आईपण म्हणायची."

"घोरतेसही."

"घोरते? हे कधी सांगितलं नाहीस."

"मशीनच्या आवाजात मला कुठे ऐकू येतं? लोक सांगतात."

बॅटऱ्या त्यानंच बसवल्या. तारा लावताना त्याचे हात जुन्या सवयीनं चालले, लाल लालला, काळी काळ्याला, नट घट्ट, आणि कापलेली नागमोडी कड त्यानं कानशीनं घासून गुळगुळीत केली. दिवसभर केबल काढून सगळं चालवून बघितलं. फ्रिज चालला, पंप चालला. भर दुपारी मशीनही सुरू केलं आणि दोघं मुखवट्यातून येणारा वाऱ्याचा आवाज ऐकत बसली.

"एक रात्र," रेलीन म्हणाली. "वीस-पंचवीस किलोमीटरवर ती दगडी खाडी आहे. तिथे राहू. नाही जमलं तर सकाळी परत इथे, खांबाजवळ. मग मी तुला बॅटरीबद्दल एक शब्द बोलणार नाही."

केल्विननं केबल गुंडाळली. ती जिथून उचलली तिथे गवतात पांढरी रेघ राहिली.

खाडीवर त्यांनी व्हायटिंग तळले, पत्ते खेळले, आणि केल्विन खेळ संपवायचं नाव घेईना. शेवटी रेलीन म्हणाली, "तू झोप. मी बसते." ती खरंच बसली, मशीनच्या हिरव्या दिव्याकडे डोळे लावून. आयुष्यात पहिल्यांदा ती नवऱ्याच्या श्वासावर पहारा देत होती. त्याचा डोळा लागला तो पार उजाडता उजाडता. दिवा हिरवाच होता. तिच्या अंगात मात्र उभं राहायचंही त्राण नव्हतं.

"झोपलो मी," तो सकाळी म्हणाला. "पण थोडाच. आणि तू रोज रात्री जागणार आहेस का? चल, परत जाऊ."

बोलल्याप्रमाणे ती एक शब्दही बोलली नाही. गाडी हॅरो पॉइंटकडे वळली तसं तिला पुढचं सगळं दिसू लागलं. अकरा नंबर, खांब, धक्का, धक्क्याचं टोक.

अकरा नंबरवर दुसरीच गाडी उभी होती. दोन बोटी, चार माणसं, मासेमारीच्या काठ्यांचा ढीग.

"आमची जागा?" केल्विननं वर्नाला विचारलं.

"तुमची? नाव कोरून ठेवलं होतंत का?" वर्ना म्हणाली. "बाबा रे, जोडून सुट्ट्या आल्यात. मिल्ड्युराहून लोक आलेत, खांबाची एकही जागा शिल्लक नाही. मागे गवतात थांबायचं तर थांबा, पण तिथे वीज नाही."

केल्विननं बायकोकडे संशयानं बघितलं. "तू हिला सांगितलंस?"

"देवाशपथ नाही," रेलीन म्हणाली, आणि ते खरं होतं. वर्नानं ते मुद्दाम केलं का, हे तिला कधीच कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. निघताना वर्नानं खिडकीतून एक फळांचा केक आत दिला आणि केल्विनला म्हणाली, "जा आता, म्हाताऱ्या. वीज नसलेल्या गवतात झोपायचं असेल, तर ते पश्चिमेलाही भरपूर आहे."

गाडी पश्चिमेला निघाली. पहिल्या दोन रात्री केल्विननं हमरस्त्यावरचं, पेट्रोल पंपालगत मुक्कामाची सोय असलेलं रोडहाउस गाठून भाड्यानं वीज घेतली आणि केबल लावून झोपला. तिसऱ्या रोडहाउसला जागा नव्हती. ट्रकांच्या रांगेशेजारी, बॅटरीवरच झोपावं लागलं. रेलीननं मुखवट्याच्या पट्ट्याला नाडीचा एक तुकडा बांधला आणि त्याचं दुसरं टोक आपल्या मनगटाला. "आवाज नाही फुटला तर ओढ," ती म्हणाली, आणि दोन मिनिटांत झोपली. सकाळी तिला जाग आली तेव्हा केल्विन गाढ झोपेत होता आणि नाडी सैल होती.

एस्परन्सला कॉरल फाटकात उभी होती. रेलीन गाडीतून उतरून समोर गेली, तर कॉरलनं तिच्याकडे बघितलंच नाही, मान फिरवून भिंतीकडे तोंड केलं. रेलीनला वाटलं, उशीर केला म्हणून रुसली.

"हलू नकोस," कॉरल म्हणाली. "समोरून नाही दिसत मला. बाजूनं दिसतं." ती तिरकी उभी राहून डोळ्याच्या कडेनं बहिणीला न्याहाळत राहिली. "दिसलीस. अगं, केवढी वाळलीस! तो खायला घालत नाही का तुला?"

एप्रिलमध्ये आली असती तर समोरून दिसली असती. हे दोघींनाही माहीत होतं. तो विषय कुणी काढला नाही. काढला तो केल्विननंच, जेवताना, काटा खाली ठेवून. "माझ्यामुळे उशीर झाला, कॉरल."

"कळलंय मला. फोनवर तुझ्याच बॅटऱ्या ऐकत होते मी सबंध हिवाळा," कॉरल म्हणाली. "रोस्ट घे. गार होतंय."

दोघं उन्हाळाभर तिथंच राहिली. रेलीन घरात, कॉरलच्या खोलीशेजारी, रुंद पलंगावर हातपाय पसरून झोपू लागली. केल्विन अंगणात गाडीतच झोपायचा. महिन्यातून एकदा डोळ्यांचे डॉक्टर गावात यायचे तेव्हा तो कॉरलला घेऊन जायचा, आणि बाहेर बसून टायरांबद्दल लोक काय म्हणतात ते वाचायचा.

डिसेंबरात एका दुपारी त्यानं गाडी बाहेर काढली. "किनाऱ्यावर जाऊन येतो. उद्या येईन."

"एकटा?" रेलीननं विचारलं.

"बघू जमतं का."

ती दारात उभी राहिली. त्याच्याबरोबर जावं असं तिला वाटलं आणि जाऊ नये असंही वाटलं. कॉरलनं आतून हाक मारली, बटाटे सोलायचे राहिलेत म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी परत आली. केल्विन उतरला, दाढी वाढलेली, पायाला वाळू.

"जमलं?"

"मधे एकदा जाग आली," तो म्हणाला. "अंधार होता. पट्टा सापडला." आणि चहाची किटली भरायला तो आत गेला.